लाल दिवा लागला म्हणजे ‘लाइट आली’ नव्हे! बटणांवरच्या खुणा आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे, नवीन माणसासाठी

आमच्या मळ्यात विहिरीवर मोटरच्या स्टार्टरची पेटी आहे, तिच्यावर तीन दिवे, लाल, पिवळा, निळा. लहानपणी रात्री अकरा-बाराला चुलते खोपटातून डोकं बाहेर काढून बघायचे आणि ओरडायचे, “आली रे लाइट!” म्हणजे तिन्ही दिवे लागले, थ्री फेज आली, पळा मोटर चालू करायला. घरी गिझरच्या बटणापाशी लाल दिवा, तो लागला की पाणी तापतंय. इमर्जन्सी लॅम्प चार्जिंगला लावला की लाल दिवा. म्हणजे काय, की लाल दिवा लागला की काम चालू आहे, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की विचारू नका.

मग छत्तिसाव्या वर्षी गाडी घेतली, सेकंडहँड. एकदा संगमनेरहून पुण्याला निघालो रात्रीचा, चंदनापुरी घाट चढताना डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र लागलं, लाल. मी मनात म्हटलं बरंय, बॅटरी चार्ज होतेय. एसी चालू, गाणी चालू, मोबाइल चार्जिंगला. बोटा गेल्यावर हेडलाइट पिवळट पडल्यासारखे वाटले, मला वाटलं काचेवर धूळ असेल. आळेफाट्याच्या अलीकडे गाणी बंद पडली, मग काटे नाचायला लागले आणि गाडी जी बंद पडली ती पडलीच. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग, गेलेला होता आणि तो लाल दिवा चाळीसेक किलोमीटर मला तेच सांगत होता की बाबा रे, चार्जिंग होत *नाहीये*. बायको बाजूला बसलेली, ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी हे सगळं नीट समजून घेतलंय. तुम्हाला माहीत असेल तर सोडून द्या, नसेल तर वाचा.

आधी एवढं जवळ असू द्या

- गाडीचं मॅन्युअल. सेकंडहँड गाडीत ते बहुतेक गायब असतं, कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं आणि *त्याच वर्षाचं* पीडीएफ शोधून मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण घाटात रेंज नसते.
- आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस बुक. इन्शुरन्सच्या कागदावर रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आहे का ते आजच बघा, आणि असला तर मोबाइलमध्ये घाला.
- एक जुनं सुती फडकं (ऑइल बघायला), टॉर्च, हवा बघायचा गेज, जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली स्टार्ट करायला).
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, ब्लूटूथवाला छोटा डबीसारखा मिळतो, हजार रुपयांच्या आसपास. हवाच असं नाही, पण असला तर गॅरेजवाल्यापुढे आपण अगदीच बावळट दिसत नाही. त्याचं पुढं सांगतो.
- नॅशनल हायवेवर अडकलात तर १०३३ हा नंबर. अपघात-बिपघात असेल तर ११२.

१. उभी रेघ आणि गोल, सुरुवात इथून

कूलर, पीसीचा पॉवर सप्लाय, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टरची मागची बाजू, सगळीकडे एक डुलणारं बटण असतं, एका टोकाला उभी रेघ आणि दुसऱ्या टोकाला गोल. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. लक्षात ठेवायचं तर रेघ म्हणजे एक आणि गोल म्हणजे शून्य, एक असेल तर करंट आहे, शून्य तर काही नाही. ही खूण कुण्या एका कंपनीची नाही, आयईसी ६०४१७ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यातली आहे, म्हणून चीनच्या चार्जरवर पण तीच आणि कोल्हापुरात बनलेल्या मशीनवर पण तीच.

गोंधळ कुठे होतो, तर *कुठली बाजू दाबलेली आहे* ते बघायचं असतं. रेघेची बाजू आत गेलेली असेल तर चालू. बरेच जण वर आलेली बाजू वाचतात आणि उलटं समजतात. मी पण समजायचो.

त्याच कुटुंबातली आणखी दोन चित्रं आहेत. गोलाच्या पूर्ण आत रेघ असेल तर एकच बटण, एकदा दाबलं चालू, परत दाबलं पूर्ण बंद. आणि गोल वरून थोडा उघडा आणि त्यातून रेघ बाहेर डोकावतेय, हे जे आपण टीव्हीच्या रिमोटवर रोज बघतो, त्याचा मूळ अर्थ स्टँडबाय. म्हणजे बंद केलं तरी आत थोडा करंट चालूच. कंपन्या हे दोन्ही अगदी काटेकोर पाळतात असं नाही, त्यामुळे सेट-टॉप बॉक्स किंवा कॉम्प्युटर उघडून काही करायचं असेल तर बटणावर विश्वास ठेवू नका, भिंतीवरचं बटण बंद करून प्लग उपसून काढा.

इन्व्हर्टरचं तर खास सांगतो. पुढचं बटण बंद केलं की लाइट गेल्यावर बॅकअप मिळणार नाही एवढंच, मेनमधून बॅटरी चार्ज होणं बहुतेक इन्व्हर्टरमध्ये चालूच राहतं. “मी बंद केला होता” म्हणून वायरीला हात लावायला जाऊ नका.

आणि शून्य म्हणजे प्रत्येक वेळी बंद, हे पण खरं नाही बरं का. गाडीत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक छोटं चाक असतं, शून्य, एक, दोन, तीन लिहिलेलं, शेजारी हेडलाइटचं चित्र. नवीन माणूस समजतो शून्यावर हेडलाइट बंद. तसं काही नाही, हेडलाइटचा झोत वर-खाली करायचं चाक आहे ते. शून्यावर झोत सगळ्यात वर. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असेल तर गाडीचं नाक वर उचलतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा दोन-तीनवर न्यायचं. आपल्याकडे नव्वद टक्के लोकांनी हे चाक आयुष्यात हलवलेलं नसेल (हा माझा अंदाज, पण रात्री हायवेला समोरून येणाऱ्या गाड्या बघून केलेला).

२. खाली की वर

आपल्या घरात भिंतीवरचं बटण खाली दाबलं की चालू, ही ब्रिटिश पद्धत. मेव्हणा न्यू जर्सीला आहे, त्याच्याकडे बरोबर उलटं, वर केलं की चालू. आई तिकडे गेली तेव्हा आठ दिवस बाथरूममध्ये अंधारातच जायची, तिला वाटायचं दिवा खराब आहे आणि जावयाला कसं सांगायचं.

पण आपल्याच घरात मीटरजवळ जी एमसीबीची (लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची) पेटी आहे तिथे खटका *वर* म्हणजे चालू आणि *खाली* म्हणजे बंद. एकाच घरात दोन उलटे नियम, आता काय करणार. ट्रिप झाल्यावर काही एमसीबीचा खटका अर्ध्यातच थांबतो, तो नुसता वर ढकलला तर बसत नाही, आधी पूर्ण खाली दाबायचा मग वर करायचा. आणि परत पडला तर तिसऱ्यांदा वर करत बसू नका, टेप लावून तर अजिबातच नको (बघितलंय मी हे, खरंच), कुठेतरी शॉर्ट आहे किंवा लोड जास्त होतोय, वायरमन बोलवा.

जिन्यातल्या दिव्याला खाली-वर काहीच लागू नाही. टू-वे असतं ते, खालचं बटण आणि वरचं बटण मिळून ठरवतात. तिथे दिवा बदलताना “बटण वर आहे म्हणजे बंदच” असं धरून चालू नका, एमसीबी पाडा.

आणि मळ्यातल्या स्टार्टरचं हिरवं बटण चालू करायला, लाल बंद करायला, हे सगळ्यांना माहीत आहे. वरचे लाल-पिवळा-निळा हे तीन फेजचे दिवे. त्यातला एक जरी गेलेला दिसला तरी मोटर चालू करायची नाही, दोन फेजवर मोटर जळते. म्हणजे तिथे दिवा *नसणं* हा धोका. गाडीत शिरताना हाच नियम उलटा होतो, म्हणून तर माझी फजिती झाली.

३. ‘ऑफ’ लिहिलेला दिवा लागलाय, म्हणजे नक्की काय?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. बटणावर किंवा दिव्यावर जे लिहिलेलं असतं ते दोन प्रकारचं असू शकतं, आत्ता काय परिस्थिती आहे ते, किंवा दाबलं तर काय होईल ते. आणि हे कोणी सांगत नाही.

गाडीत एक सोपा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. दिव्यातच ‘ऑफ’ लिहिलेलं असेल आणि तो *लागलेला* असेल तर ती गोष्ट बंद आहे.

घसरणाऱ्या गाडीचं चित्र, मागे नागमोडी रेघा, खाली ऑफ. हे ट्रॅक्शन किंवा स्टॅबिलिटी कंट्रोल तुम्ही (किंवा मागच्या सीटवरून पुढे झुकलेल्या पोरानं) बंद केलंय. पावसाळ्यात हे बंद ठेवून फिरू नका, बटण दाबून दिवा घालवा. तेच चित्र ऑफ न लिहिता, गाडी चालताना *लुकलुकलं*, तर घाबरायचं नाही, चाक घसरलं आणि सिस्टिमनं सावरलं असा त्याचा अर्थ, फक्त पाय थोडा हलका करा. आणि तेच ऑफशिवाय, सतत लागून राहिलं, तर बिघाड. एकाच चित्राचे तीन अर्थ, बघा.

गोल बाणात इंग्रजी ए अक्षर असलेलं बटण, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सिस्टिम. बऱ्याच गाड्यांत या बटणावरचा दिवा लागला की सिस्टिम *बंद*. मी सहा महिने उलटं समजत होतो आणि मित्राला सांगत होतो की माझ्या गाडीत हे चालतच नाही.

पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगचा ऑफ दिवा. काही गाड्यांत डॅशबोर्डच्या बाजूला किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये चावीनं फिरवायचं कुलूप असतं, मागे तोंड केलेली बाळाची सीट पुढे लावली तर ती एअरबॅग बंद ठेवायची असते. पण त्या सीटवर आई-वडील किंवा बायको बसणार असेल तर तो ऑफ दिवा लागलेला नसावा. हे एकदा उद्या सकाळी जाऊन बघाच, सेकंडहँड गाडी असेल तर नक्कीच.

एसीच्या बटणांत गाडीच्या आत गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण, दिवा लागला की आतलीच हवा फिरतेय. ट्रकच्या मागे धुरात बरं, पण पावसात घाटात काचा आतून धुरकट व्हायला लागल्या की हे बंद करून बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवा आणि पुढच्या काचेचं बटण दाबा. पुढच्या काचेचं चित्र वर वक्र असतं, पंख्यासारखं, आणि मागच्या काचेचं सरळ चौकोन. दोन्हीत वर जाणारे नागमोडी बाण. मागची काच गरम करणाऱ्या तारा बरीच बॅटरी खातात, काच साफ झाली की बंद करा.

४. चावी फिरवा, पण लगेच स्टार्ट करू नका

चावीची गाडी असेल तर चार जागा असतात. लॉक, एसीसी (म्हणजे फक्त टेप, चार्जर वगैरे), ऑन आणि स्टार्ट. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर किंवा क्लचवर पाय *न ठेवता* एकदा दाबलं की एसीसी, दुसऱ्यांदा ऑन, तिसऱ्यांदा बंद. पाय ठेवून दाबलं तर थेट इंजिन चालू. नवीन माणूस शोरूममधून गाडी घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी “गाडी स्टार्टच होत नाही” म्हणून फोन करतो, पाय ठेवलेला नसतो एवढंच असतं. आणि एसीसीवर ठेवून गाणी ऐकत बसलात तर तासाभरात बॅटरी झोपू शकते, जुनी असेल तर आधीच.

आता मुख्य गोष्ट. ऑनवर आणलं की डॅशबोर्डवरचे जवळजवळ सगळे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात, जत्रेसारखे. ती तपासणी आहे. काही सेकंदांत एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) वगैरे आपोआप जातात आणि इंजिन चालू झालं की ऑइल, बॅटरी, चेक इंजिन हे पण जातात. जो राहतो तो बोलतोय.

आणि जो *लागलाच नाही* तो जास्त महत्त्वाचा. माझ्या गाडीत चेक इंजिनचा दिवा कधी लागलाच नव्हता, मला वाटायचं काय मस्त गाडी मिळाली. नंतर कळलं की विकणाऱ्यानं मीटर उघडून तो दिवाच निकामी केला होता. त्यामुळे जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू करण्याआधी नुसतं ऑनवर आणा, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि घरी येऊन मोजा, चेक इंजिन आहे का, एअरबॅग आहे का, ऑइल आहे का. यातला एखादा दिसत नसेल तर गाडी कितीही चकचकीत असू दे, दुसरी बघा.

इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणाऱ्या) गाडीत आवाजच नसतो, मग चालू झाली कसं कळणार? हिरव्या अक्षरात ‘रेडी’ लिहून येतं किंवा हिरव्या गाडीचं चित्र. ते असेपर्यंत गाडी चालू आहे, अॅक्सिलरेटर दाबला की पळेल. आवाज नाही म्हणून बंद समजून उतरू नका.

(बाइकवाल्यांसाठी चालता चालता: उजव्या मुठीजवळच्या लाल बटणावर गोल बाण म्हणजे इंजिन चालू ठेव, गोल बाणावर फुली म्हणजे इंजिन मार. बाइक ढकलून ढकलून दमलात तर आधी हे बघा, कुणीतरी पोरानं फुलीवर केलेलं असतं. आणि बाइकचा हेडलाइट दिवसा चालू राहतो तो बिघाड नव्हे, एप्रिल २०१७ पासून नवीन दुचाकींना तो नियमच आहे.)

५. रंग आधी, चित्र नंतर

गाड्यांमधल्या चित्रांचं पण स्टँडर्ड आहे, आयएसओ २५७५. त्यामुळे मारुती असो, ह्युंदाई असो की टाटा, चित्रं थोडीफार सारखीच. पण पन्नासेक चित्रं पाठ करत बसू नका, चालत्या गाडीत तेवढा वेळ नसतो. रंग बघा.

लाल: जागा बघून थांबा (बॅटरी, सीटबेल्ट आणि एअरबॅगचं थोडं वेगळं, खाली सांगतो).
पिवळा किंवा नारिंगी: गाडी चालेल, पण दाखवून घ्या.
हिरवा, निळा: माहिती आहे फक्त.

आणि लुकलुकणं हे स्थिर दिव्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त तातडीचं, वर सांगितलेला ट्रॅक्शनवाला सोडून.

६. लाल दिवे, हे मात्र पाठच करा

*ऑइलचा दिवा.* अल्लाउद्दीनच्या चिरागासारखी बुधली, तोंडातून एक थेंब. हा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं *प्रेशर* पडलंय हे सांगतो, म्हणजे इंजिनच्या आत लोखंडावर लोखंड घासतंय. पुढच्या पंपापर्यंत जाऊ, तिथे बघू, असं अजिबात नाही. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं घाला आणि परत चालू करून बघा. ऑइल बरोबर आहे आणि तरी दिवा जात नाही, तर टोइंग. इथे पाचशे-हजार वाचवायला गेलात तर इंजिनचं काम निघतं, आणि ते काम किती हजारांत जातं ते तुम्हाला कोणीही मेकॅनिक सांगेल.

*तापमान.* पाण्यात उभा केलेला थर्मामीटर, लाल. (बऱ्याच गाड्यांत हाच निळा पण असतो, सकाळी सकाळी, तो फक्त इंजिन अजून थंड आहे एवढंच सांगतो, दोन-चार मिनिटांत जातो, तोवर गाडी पिदडू नका.) लाल झाला तर एसी बंद, आणि ऐकायला विचित्र वाटेल पण हीटर फुल गरमवर आणि पंखा जोरात, कारण हीटर इंजिनचीच उष्णता ओढून घेतो. कसारा किंवा खंबाटकी चढताना मे महिन्यात हे करायचं म्हणजे घामाच्या धारा, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढंच करता येतं. मग इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उडतं. कमीत कमी अर्धा तास थांबा, मग बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत मिन आणि मॅक्सच्या मध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आहे का बघा.

*बॅटरी.* माझा जुना मित्र. चौकोनी डबी, अधिक-उणे खुणा. चार्जिंग होत नाहीये. एसी, गाणी, मोबाइल चार्जर, मागच्या काचेची तार, सगळं बंद करा, गाडी अर्ध्या-पाऊण तासात कधीही बंद पडू शकते असं धरा आणि जवळचं गॅरेज गाठा. मध्ये इंजिन बंद करू नका, परत चालू होणार नाही. एक अपवाद, बॅटरीबरोबर तापमानाचा काटा पण चढत असेल तर अल्टरनेटर फिरवणारा इंजिनचा बेल्ट तुटला असेल, काही गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो, तेव्हा लगेच थांबा. रात्र असेल तर हेडलाइट बंद करून चालवू नका, त्यापेक्षा एखादा ढाबा बघून थांबा. मला आळेफाट्याच्या आधी तीन ढाबे लागले होते.

*ब्रेक.* गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूला कंस. पहिलं बघायचं, हँडब्रेक पूर्ण खाली आहे का. अर्धा दात जरी वर राहिला तरी दिवा लागतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा एवढंच निघतं. हँडब्रेक खाली आहे तरी जात नाही, तर बहुतेक ब्रेक ऑइल कमी झालंय. बॉनेट उघडून छोटी पांढरट टाकी बघा. इथे सापळा असा की लोक ऑइल ओततात आणि विसरतात. ब्रेक ऑइल उगाच कमी होत नाही, एकतर पॅड झिजलेत किंवा गळतंय. पेडल स्पंजासारखं खाली जात असेल तर गाडी हलवूच नका.

*सीटबेल्ट.* हा सगळ्यांना माहीत आहे. त्याचा टूं-टूं आवाज घालवायला बेल्ट न लावताच नुसती क्लिप खोचायची, हा उद्योग करू नका. असल्या क्लिपा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढायला लावल्या. आणि ऐंशीच्या पुढे गेल्यावर जी पीप-पीप होते आणि एकशेवीसच्या पुढे थांबतच नाही, तो पण बिघाड नाही, जुलै २०१९ पासूनच्या नवीन गाड्यांना ती सक्तीची आहे. सासरे एकदा मागे बसून म्हणाले, “गाडीला काहीतरी झालंय, थांबव.” म्हटलं अण्णा, गाडीला नाही, मला झालंय.

*एअरबॅग.* बसलेला माणूस आणि पुढे मोठा गोळा. कुठे लाल, कुठे पिवळा. लागून राहिला तर गाडी व्यवस्थित चालते म्हणून लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात, पण अपघातात बॅग उघडेलच याची खात्री नाही. बऱ्याचदा सीटखालचा कनेक्टर, पिवळ्या रंगाचा असतो, गाडी धुताना किंवा सीट मागे-पुढे करताना ढिला होतो. स्वतः हात घालू नका, सर्व्हिस सेंटरचं काम आहे ते.

७. पिवळे दिवे

चेक इंजिन, इंजिनचा आकार असलेलं चित्र, लोक त्याला नळ म्हणतात, पाणबुडी म्हणतात, माझा मुलगा कोंबडी म्हणतो. स्थिर असेल तर हळू, न पळवता, एक-दोन दिवसांत दाखवा. *लुकलुकत* असेल आणि गाडी झटके देत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन त्याची वाट लावतं, आणि तो भाग महाग आहे. थांबा. इथे स्कॅनर कामाला येतो, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं तिथे लावायचा, मोबाइलवर पी अक्षरानं सुरू होणारा कोड येतो, तो लिहून घ्या. पण कोड पुसून टाकला म्हणजे दुरुस्त झालं असं नव्हे, आणि “दिवा घालवून देतो, दोनशे द्या” म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका, त्यानं फक्त कोड पुसलेला असतो, तीन दिवसांनी परत येतो.

एबीएस अक्षरं पिवळी: साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. पावसात जपून. लाल ब्रेकचा दिवा आणि हा दोन्ही एकदम लागले तर मात्र थांबा.

घोड्याच्या नालासारखं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह: टायरमध्ये हवा कमी. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, पंपावरच्या पोराला “किती भरू?” विचारायला लावू नका, तुम्ही सांगा. चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा नाही, सेन्सरचा प्रश्न.

डिझेलवाल्यांना तीन जास्तीचे. पिळाची तार, म्हणजे ग्लो प्लग, थंड इंजिन आतून गरम करणारा, थंडीत ती जाईपर्यंत थांबून मग स्टार्टर मारा. ठिपके असलेली डबी म्हणजे डीपीएफ, धुराची काजळी धरणारी जाळी भरलीय. एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं तेव्हापासून हे दुखणं वाढलं. ऑफिस-घर-ऑफिस चार किलोमीटर अशी डिझेल गाडी वापरलीत तर जाळीला साफ व्हायला पुरेसं तापताच येत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगानं हायवेवर वीसेक मिनिटं न थांबता चालवा, बहुतेक वेळा जातो. आणि काही गाड्यांत अॅडब्लूचा (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायच्या द्रावणाचा) दिवा, ते संपू देऊ नका, पूर्ण संपलं तर एकदा बंद केलेली गाडी परत चालूच होत नाही.

पेट्रोल पंपाचं चित्र सगळ्यांना कळतं. त्याच्या शेजारचा छोटा त्रिकोणी बाण बघितलाय का? तो ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. मला हे चार वर्षांनी कळलं, तोवर दर वेळी पंपावर पाइप ओढायला लावायचो.

८. हिरवे-निळे, पटकन

निळा म्हणजे हाय बीम चालू आहे, समोरून गाडी आली की खाली करा. हिरवे म्हणजे पार्किंग, पुढचे फॉग लाइट, इंडिकेटर, क्रूझ (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सिस्टिम). एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिक करत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. मागचा फॉग पिवळा दिसतो, धुकं नसताना तो लावला तर मागच्याचे डोळे जातात.

आणि लाल त्रिकोणाचं बटण, हॅझर्ड. ते *उभ्या* गाडीसाठी आहे. एक्स्प्रेसवेला भाताण, माडपच्या बोगद्यात शिरलं की अर्धे लोक चारही इंडिकेटर लावतात, मग लेन बदलणार कोण आणि थांबलेला कोण काही कळत नाही. बोगद्यात हेडलाइट लावा, बास.

९. गॅरेजमध्ये जाताना

दिवा लागल्या लागल्या बाजूला बसलेल्याला फोटो काढायला सांगा, एकटे असाल तर थांबल्यावर तुम्ही काढा, कारण गॅरेजमध्ये गेल्यावर नेमका तो दिवा जातो. सोबत चार गोष्टी लिहून ठेवा: गाडी थंड होती की गरम, वेग किती, एसी चालू होता का, दिवा स्थिर की लुकलुकता. “काहीतरी लाल लागलं होतं” एवढं सांगितलं की माणूस आधी बॅटरीच बदलायला सांगतो, मला दोन ठिकाणी सांगितली होती. बदललेला भाग परत मागा, बिलावर त्याचं नाव लिहून घ्या. वॉरंटीत असाल तर बाहेरच्या मेकॅनिकला वायरिंग कापू देऊ नका, नंतर क्लेम करताना तेच कारण पुढे करतात.

पैसे देण्याआधी गाडी बंद करा, परत ऑनवर आणा आणि सगळे दिवे लागतायत ना ते मोजा, मग स्टार्ट करा आणि सगळे जातायत ना ते बघा. दोन्ही बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.